मावसोबांनी वाचलेला घारकडा

माझ्या मावससासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही अक्षर मनातल्या मनात वाचलं नाही. लिहिलेलं दिसलं की ते मोठ्याने वाचायचं, हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, भजी बांधून आलेल्या कागदावरची अर्धीच बातमी, देवळाच्या पायरीवर कोरलेलं देणगीदाराचं नाव, सगळं ते बडोद्याच्या दांडिया बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचत आणि शेवटी "येणेप्रमाणे मजकूर" असं म्हणून मोकळे होत. माझ्या लग्नात मंगलाष्टकांचा छापील कागद कुणीतरी विश्वासाने त्यांच्या हाती दिला. मंगलाष्टका त्यांनी फार सुरेख म्हटल्या. पण शेवटच्या "सावधान"नंतर वाजंत्रीवाले फुंकर मारणार एवढ्यात, त्याच चालीवर, त्यांनी खाली बारीक टायपात छापलेलं छापखान्याचं नाव, पत्ता आणि "सर्व प्रकारची कामे वेळेवर करून मिळतील" हेही म्हणून टाकलं. अक्षता त्यावरच पडल्या. त्यामुळे माझं लग्न नेमकं कुणाशी लागलं याबद्दल मला अधूनमधून शंका येते. बायकोला ती येत नाही. मात्र घरातलं कुठलंही काम वेळेवर झालं नाही की ती मला त्या ओळीची आठवण करून देते.

मावससासरे म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं त्यांना मावसोबा म्हणत असू, आणि मी त्यांचा सख्खा जावई नसलो तरी ते मला जावईबापू म्हणत. मी साताऱ्याकडचा, शाळामास्तर म्हणून बडोद्याला आलो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. मावसोबा तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघाले होते. सुभ्याच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं: रयतेचे आलेले अर्ज साहेबांपुढे उभं राहून वाचून दाखवायचे. साहेब खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून ऐकत आणि शेवटी "मंजूर" किंवा "नामंजूर" एवढंच म्हणत. साहेब आले, गेले, कुणी मराठी, कुणी गुजराती, कुणी विलायतेत शिकलेला. डोळे मात्र सगळ्यांनीच मिटले. अर्ज मोडीत असो, बाळबोधीत असो की गुजरातीत, मावसोबांच्या तोंडून तो घंटेसारखा बाहेर पडे. मावशींना या आवाजाची इतकी सवय झाली होती की दुपारी त्या त्याच्या आधारानेच झोपत, आणि आवाज थांबला की दचकून जाग्या होत.

आलेलं टपालही ते दारातच वाचत. स्वतःचं आणि शेजाऱ्यांचं. शेजारच्यांचा भाचा परीक्षेत आपटला ही बातमी शेजाऱ्यांच्या आधी सबंध आळीला कळली, तेव्हापासून आमच्या आळीतल्या लोकांनी नातेवाइकांना कार्डं लिहायला बंदी करून पाकिटं लिहायला लावली. मावसोबांना त्याचा राग आला नाही. मजकूर झाकून ठेवण्यासारखा असतो ही कल्पनाच त्यांना करता येत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा कराचीला रेल्वेत होता. महिन्याकाठी त्याचं एक कार्ड येई. "मी खुशाल आहे. काम फार आहे. तुमची खुशाली कळवणे." हे मावसोबा ओट्यावर उभे राहून महाराजांचा हुकूम वाचावा तसे वाचत. मजकूर कधी बदलत नसे, त्यामुळे आळीतली लहान पोरंसुद्धा तो त्यांच्याबरोबर म्हणत.

पेन्शनीत निघाल्यावर मात्र त्या आवाजाला काम उरलं नाही. महाराजांनी सक्तीचं शिक्षण सुरू केल्याला पुष्कळ वर्षं झाली होती, गावोगाव वाचनालयं निघाली होती, आमचा पानवालासुद्धा विड्या वळता वळता वर्तमानपत्र वाचू लागला होता. मावसोबा महाराजांना मनापासून मानत, पण या एका बाबतीत त्यांना थोडी धास्ती वाटे. "सगळेच वाचायला लागले, जावईबापू," ते खिन्नपणे म्हणत. "आता वाचणाऱ्यानं करायचं काय?"

उत्तर सुरसागर तळ्याच्या पलीकडे टीनच्या पत्र्यांच्या थेटरात होतं. तेव्हाची चित्रं मुकी होती. माणसं पडद्यावर तोंडं हलवत, मग मध्येच त्यांच्या बोलण्याची पाटी येई आणि बाकांवरचे नवशिके वाचक तिसऱ्या शब्दाशी झटत असतानाच ती निघून जाई. मावसोबा पहिल्यांदा थेटरात गेले ते मावशींच्या आग्रहाने. पहिली पाटी आली आणि सवयीने त्यांनी ती वाचली. थेटर चिडीचूप झालं. गुजराती पाटी तोंडातून मराठीत निघाली होती, आणि पाठोपाठ गुजरातीतही. दुसरी पाटी आली तेव्हा लोकांनी पडद्याकडे न बघता मावसोबांकडे बघितलं. तिसऱ्या आठवड्यात मेनेजरनं पेटीवाल्याशेजारी त्यांना एक स्टूल मांडून दिलं आणि मध्यंतरात एक कप चहा कायमचा ठरला. मावसोबा कचेरीतला लांब कोट आणि पगडी घालून रोज संध्याकाळी सहाच्या खेळाला जाऊ लागले. त्यांच्या चालण्यात पुन्हा नोकरीतल्या माणसाची घाई आली. मावशी म्हणाल्या, "हे पुन्हा ताठ झाले हो." ते स्टूल म्हणजे त्यांचं सर्वस्व आहे हे मला तेव्हाच दिसत होतं. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला माफी नाही.

त्याच सुमारास एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांनी मला चित्रांवर चार ओळी खरडायला सांगितल्या. मी "प्रत्यक्षदर्शी" असं टोपणनाव घेतलं. या नावात एकच अडचण होती, ती म्हणजे मला प्रत्यक्ष काही दिसत नसे. डॉक्टरांनी मला चष्मा दिला होता, पण तो लावल्यावर बायको म्हणाली, "अगंबाई, अगदी शाळातपासनीस दिसता." मास्तराला याहून भयंकर काही बोलता येत नाही. मी चष्मा खिशात ठेवला तो ठेवलाच. त्यामुळे पडद्यावरची माणसं मला फेटा किंवा पगडी एवढ्यावरून ओळखू येत, आणि पाट्या म्हणजे काळ्या भिंतीवर सांडलेल्या लाह्या. पण मावसोबा असताना मला काळजी नव्हती. ते वाचत, मी ऐके, आणि घरी येऊन प्रत्यक्षदर्शी होई.

पहिलं मोठं चित्र आलं ते "उडता झोपाळा". एका राजपुत्राच्या बागेतला झोपाळा मंत्र म्हटल्यावर आकाशात उडतो, सात डोंगर ओलांडून त्याला पाताळाच्या दारात नेतो, तिथे एक राक्षस राजकन्येला काचेच्या हौदात कोंडून बसलेला असतो, आणि राक्षसाचा जीव असतो एका पोपटात. बाकांवरची माणसं झोपाळा उडाला तेव्हा उभी राहिली ती राजपुत्र उतरेपर्यंत बसली नाहीत. मावसोबा मात्र शांत. राक्षसाच्या धमक्या त्यांनी शेतसाऱ्याच्या नोटिशीच्या सुरात वाचल्या, राजकन्येचा विलाप वाचला, आणि मध्यंतराच्या आधी आलेली "बाकांवर पाय ठेवू नयेत" ही पाटीसुद्धा इतक्या गांभीर्याने वाचली की ती राजपुत्राला उद्देशून आहे असं मला वाटलं.

परतताना मी त्यांना मत विचारलं. प्रत्यक्षदर्शीला ते लागणारच होतं.

"राक्षसाचं काम चोख आहे," मावसोबा म्हणाले. "आधी ताकीद दिली, मुदत दिली, मग खाल्लं. राजपुत्राचं वागणं गैर. पोपट दुसऱ्याचा, विचारल्याशिवाय मान मुरगाळली."

"मावसोबा, पण ते सगळं खोटं आहे."

"ते मला कसं ठाऊक? मी का पाताळात गेलो होतो? लिहिलंय तसं वाचलं."

घरी गेल्यावर त्यांनी आपल्या ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कड्या एकदा हलवून पाहिल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे बायकोच्या डोळ्यांनी, पाहिलं. माझा मजकूर छापून आला: "उडता झोपाळा अवश्य पाहावा. राक्षस नियमाने वागणारा असल्याने मुलांना नेण्यास हरकत नाही. पोपटाबद्दल वाईट वाटते." लोकांना तो आवडला. तरीही मास्तर पडलो. उत्तरं तपासल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, अंधार झाल्यावर हळूच चष्मा लावला आणि एकूण एक पाटी मावसोबांच्या वाचनाशी ताडून पाहिली. काना-मात्रेचा फरक नव्हता. राक्षसाच्या गडगडाटी हसण्याचे पाटीवर सहा "हा" होते, ते त्यांनी सहा वेळा म्हटले. मी चष्मा काढून खिशात टाकला आणि ठरवलं की यापुढे तपासायचं नाही. माझ्या अधःपाताची पायाभरणी त्या क्षणी झाली.

मग आला "घारकड्याचा वेढा". ऐतिहासिक चित्र. थेटरात त्या दिवशी सगळा दांडिया बाजार लोटला होता, आणि दांडिया बाजार म्हणजे कचेरीतले कारकून, पेन्शनीतले कारकून आणि पुढेमागे कारकून होणारे त्यांचे मुलगे. वाचता सगळ्यांना येत होतं, पण मावसोबा असताना पाटीकडे बघायची सवय सगळ्यांनीच सोडली होती. गोष्ट मी ऐकली ती अशी. घारकड्याला शत्रूने वेढा घातला आहे. गडावर एक किल्लेदार आहे, फेट्याचा, आणि धान्याचा हिशेब व दरवाजाच्या किल्ल्या सांभाळणारा एक कारकून आहे, पगडीचा. किल्लेदार आतून फितूर आहे. कारकुनाला ते कळतं.

चित्र मला धूसर दिसत असलं तरी मधूनमधून कोडी पडत होती. किल्लेदार फितूर, तर तो तटावर उभा राहून दोन्ही हातांनी तलवार का चालवतो? मावसोबांनी वाचलं, "हे सर्व वरवरचे." किल्लेदाराची म्हातारी आई त्याला ओवाळते का? "त्या माउलीस बिचारीस काय ठाऊक." शत्रूचा जासूद चोरवाटेने येऊन पगडीवाल्याच्या हातात खलिता देतो आणि पगडीवाला तो कोटात लपवतो. मावसोबांचा आवाज भरून आला. "कारकून म्हणाला, दे इकडे, हा पुरावा दप्तरी लावतो." थेटरातल्या कारकुनांनी मान डोलावली, कागद दप्तरी लावणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. शेवटी पगडीवाला आपल्या हातांनी गडाचा दरवाजा उघडतो आणि शत्रू आत घुसतो. "कारकून म्हणाला, उपाशी बायकापोरांना आधी बाहेर जाऊ द्या. इतक्यात शत्रूने दगा केला." आणि मग तो फेटेवाला किल्लेदार, जखमी अवस्थेतही, पगडीवाल्याला पकडून कड्यावरून खाली ढकलतो. पेटीवाल्यानं मावसोबांच्या सुरावरून ओळखून करुण चाल धरली. चिकाच्या पडद्याआडच्या बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या हिशेबखात्यातल्या गृहस्थांनी उपरण्याने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आपली कदर कुठे आहे?" चित्र संपल्यावर लोक इतिहास नव्हे, स्वतःचा सत्कार पाहून बाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आले, सासुरवाडीची माणसं घेऊन.

मी रात्रभर जागून नव्हे, तर शाळेत निबंध तपासता तपासता मजकूर लिहिला. "घारकड्याचा वेढा प्रत्येक इमानी माणसाने पाहावा. कारकुनाच्या चेहऱ्यावर जी सात्त्विकता आहे ती आजकाल देवळातही दिसत नाही. उलट किल्लेदाराच्या डोळ्यांत पहिल्या क्षणापासून लबाडी दिसते. या नटाचे डोळेच मुळी लबाडीसाठी घडले आहेत." ते डोळे मी कोणत्या डोळ्यांनी पाहिले हे मला आजही सांगता येत नाही.

साप्ताहिक निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी एक उंच गृहस्थ माझी वाट पाहत होते. शेजारी थेटराचा मेनेजर घाम पुसत उभा होता. "मास्तर," मेनेजर हळूच म्हणाला, "आ शुं कर्युं तमे?"

ते उंच गृहस्थ माझ्या नाकासमोर आले. "तुम्हीच का प्रत्यक्षदर्शी?"

मी नम्रपणे हसलो. लेखकाला भेटायला येणाऱ्यांसाठी मी एक हसू तयार ठेवलं होतं. "आपली ओळख?"

"जरा नीट बघा," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांत काही ओळखीचं दिसतं का?"

मी खिशातून चष्मा काढून लावला. समोर घारकड्याचा किल्लेदार उभा होता. फेटा नव्हता एवढंच. मिशा त्याच, छाती तीच, आणि डोळ्यांत लबाडी औषधालाही नव्हती; निव्वळ संताप होता. ते आपल्या कंपनीचं चित्र घेऊन गावोगाव फिरत होते, आणि बडोद्यात उतरल्यावर हातात पडलेल्या पहिल्या कागदावर त्यांनी स्वतःला फितूर झालेलं वाचलं होतं. खरं म्हणजे चित्रात फितूर होता तो कारकून. जहागिरीच्या आमिषाने त्याने दरवाजा उघडला होता.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, की मी मावसोबांचं नाव कसं दिलं. किल्लेदारांनी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त डोळे वटारले आणि मी म्हणालो, "माझा काही दोष नाही. पाट्या मावसोबा वाचतात. त्यांनी वाचलं ते मी लिहिलं. ते त्या स्टुलावर बसतात, पगडीवाले, पेटीच्या डाव्या हाताला." घारकड्याच्या कारकुनाला निदान जहागीर दाखवावी लागली होती. मी दरवाजा फुकट उघडला, वर जागाही दाखवली.

किल्लेदारांनी निकाल दिला. मावसोबांचं वाचन त्या दिवसापासून बंद, आणि त्या संध्याकाळी सगळ्या थेटरासमोर खऱ्या पाट्या वाचायच्या त्या मी, चष्मा लावून. मी तो निरोप घेऊन मावसोबांकडे गेलो. ते कोट घालून निघायच्या तयारीत होते. मी कशीबशी हकीकत सांगितली. त्यांनी पगडी उतरवून खुंटीला लावली, पुन्हा काढली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला. निदान ऐकायला तरी येतो."

त्या संध्याकाळची आठवण आली की मला अजून घाम फुटतो. मी स्टुलाशी उभा राहिलो. मावसोबा समोरच्या बाकावर लोकांत बसले, आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून. दिवे गेले. पहिल्या काही पाट्या बऱ्या गेल्या. मग खलिता आला आणि मी वाचलं, "नीच कारकुनाने स्वामिद्रोह पत्करला." थेटरात कुजबुज झाली. किल्लेदार तलवार घेऊन तटावर आला आणि मी वाचलं, "धन्य तो वीर." कुजबुजीचं बोलणं झालं. दरवाजा उघडला गेला तेव्हा मी वाचलं, "जहागिरीच्या लोभाने गड विकला." आता माणसं उठून उभी राहिली. तीन तीनदा रडून गेलेली माणसं होती ती. हिशेबखात्यातले गृहस्थ म्हणाले, "मास्तर, खोटं वाचता."

"पाटीवर आहे," मी म्हणालो.

"आम्ही चार दिवस ऐकतोय. पाटी कोणी बदलली?" मागून आवाज आला, "बेसी जाव मास्तर," आणि त्यापाठोपाठ एक जोडा आला. पेटीवाल्यानं पेटीचं झाकण लावून घेतलं. शाळेत मी शिकवत असलेल्या निम्म्या मुलांचे बाप तिथे होते आणि ते स्टुलाच्या दिशेने येत होते. पडद्याशी किल्लेदार, म्हणजे खरोखरचे, मिशा चावत उभे होते. मी चष्मा काढला. येणारी माणसं निदान दिसू नयेत.

तेवढ्यात तो आवाज आला. घंटेसारखा. "बसा खाली."

मावसोबा बाकावर उभे होते. "मास्तर बरोबर वाचताहेत," ते म्हणाले. "पाटीवर तसंच लिहिलंय. चार दिवस मी वाचलं ते माझ्या पदरचं होतं."

अख्खं थेटर सुन्न झालं. मला वाटतं त्या माणसांना गड पडल्याचा बसला नसेल एवढा धक्का या वाक्याचा बसला. एकेक जण खाली बसला. मी उरलेल्या पाट्या वाचल्या आणि कारकून कड्यावरून पडला तेव्हा कुणी रडलं नाही. बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला विचारत होता, "मग तो झोपाळा तरी खरा उडाला का?"

सुरसागराच्या काठाने आम्ही दोघे परत निघालो. मी माफी मागायचे शब्द जुळवत होतो, पण माझ्या तोंडून निघाला तो प्रश्न. मास्तराची खोड. "मावसोबा, उडत्या झोपाळ्यात तुम्ही काना-मात्रा बदलली नाहीत. मी चष्मा लावून तपासलं होतं. मग इथेच का?"

मी त्यांना तपासलं होतं हे ऐकून ते गालात हसले. "राक्षसाला माझी काय गरज होती, जावईबापू? त्याला भरपूर बोलायला दिलं होतं. ह्या कारकुनाला सबंध चित्रात एक पाटी नाही. बघितलंत ना आज? सगळं किल्लेदार बोलतो, आई बोलते, शत्रूसुद्धा बोलतो. हा नुसता तोंड हलवतो. त्याचं म्हणणं कुणी लिहूनच घेतलं नाही." थोडं चालून ते म्हणाले, "असे अर्ज पुष्कळ यायचे."

"कुठे?"

"कचेरीत. एखादी विधवा बाई, कुणाच्या तरी हातापाया पडून अर्ज लिहून घ्यायची. लिहिणारा दीडशहाणा. नको ते लिहायचा, हवं ते सोडायचा, वर साहेबाला शहाणपण शिकवायचा. तसा वाचला असता तर पहिल्या ओळीलाच नामंजूर. बाई दाराशी उभी असायची, तिच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं तिला काय म्हणायचंय. मग ते वाचायचं."

मी रस्त्यात थांबलो. तीस वर्षं सुभ्याच्या कचेरीत हुजुरांपुढे वाचले गेलेले अर्ज माझ्या डोळ्यांसमोर घारकड्यासारखे ढासळत होते. "साहेबांनी कधी कागद बघितला नाही?"

"सही करताना. सहीची जागा खाली असते. डोळे तेवढ्यापुरतेच उघडायचे." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते घाईने म्हणाले, "लबाडाचा अर्ज मात्र अक्षर न् अक्षर वाचला हो. तेवढं पुरायचं."

मेनेजर आठवड्याभरात त्यांना परत बोलवायला आला. खरा घारकडा कुणी पाहायला येईना. कारकुनांच्या गावात कारकुनाला फितूर दाखवणारं चित्र कोण दोनदा बघणार? किल्लेदार आपली चित्राची पेटी घेऊन दुसऱ्या गावी गेले होते. "काका, चालो ने," मेनेजर काकुळतीला आला, "तमे कहो तेटला चहा." मावसोबांनी त्याला झोपाळ्यावर बसवलं, सुपारी दिली आणि नाही म्हणाले. लोक आता आपलं वाचन पाटीशी ताडून बघतील, म्हणाले, आणि तसं होऊ लागलं की वाचणाऱ्यानं उठावं. पुढे संध्याकाळी सहा वाजले की ते कोट घालत, थोडा वेळ तसेच बसत आणि कोट काढून ठेवत. मावशी दुपारच्या दचकून उठू लागल्या. मी प्रत्यक्षदर्शी हे नाव टाकून दिलं आणि चष्मा कायमचा लावला. शाळातपासनीस दिसायला लागलो, ते भोगलं.

मग काही वर्षांनी चित्रं बोलू लागली. मी मावसोबांना आग्रह करून एक बोलपट पाहायला नेलं. पडद्यावरचं प्रत्येक माणूस स्वतःचं स्वतः बोलत होतं. मावसोबा सुरुवातीला दर वाक्याला ओठ उघडत, मग त्यांनी ते मिटले. संपल्यावर उठताना अगदी हळू म्हणाले, "येणेप्रमाणे मजकूर." त्यानंतर ते थेटरात गेले नाहीत.

मावशी गेल्या. मावसोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया केली ती लागू पडली नाही. ओसरीवरच्या झोपाळ्यावर ते दिवसभर बसत, पायाच्या अंगठ्याने जमीन रेटत. आळीत आता कुणी मोठ्याने वाचत नव्हतं. कराचीचं कार्ड आलं की मी शाळेतून येऊन ते त्यांना वाचून दाखवी.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. "मी खुशाल आहे. रजा नाही. दिवाळीस येणे होणार नाही. तुमची खुशाली कळवणे." मी चष्मा सारखा केला. मावसोबांनी डोळे मिटले, मान मागे टेकवली आणि वाट पाहत बसले. आणि मी वाचलं की मी खुशाल आहे, रजेसाठी फार खटपट केली पण साहेब बधत नाहीत, दिवाळीला यायचं होतं, बाबांच्या आवाजाची फार आठवण येते, इथे स्टेशनात कुणी गाडीचं नाव मोठ्याने पुकारलं की मी मान वळवून बघतो.

झोपाळा हलत होता. "ती शेवटची ओळ पुन्हा वाचा," मावसोबा म्हणाले.

मी कार्डाकडे पाहिलं. तिथे ती नव्हती. मी घाबरलो आणि वाचलं, "इथे बाजारात कुणी पाटी मोठ्याने वाचली की मी मान वळवून बघतो."

मावसोबांनी अंगठा टेकवून झोपाळा थांबवला. "मघाशी स्टेशन होतं."

मी कार्ड उलटं करून पाहिलं.

"बदललेला मजकूर आधी पाठ करावा, जावईबापू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हाताखालच्या नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसा तो होता. "साहेब कधीही पुन्हा वाच म्हणतात. तीस वर्षांत माझं स्टेशन कधी बाजार झालं नाही." त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि झोपाळ्याला रेटा दिला. "वाचा. स्टेशनचंच वाचा. ते चांगलं होतं."

मी स्टेशनचं वाचलं, सावकाश, जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात. संपल्यावर "येणेप्रमाणे मजकूर" म्हणालो.

"मंजूर," मावसोबा डोळे न उघडता म्हणाले.